मेंदूच्या आवरणातला फिस्टुला : ऑपरेशनबद्दल गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमआरआयच्या रिपोर्टवर 'ड्युरल एव्ही फिस्टुला' असं वाचून माणूस घरी येतो आणि मग रात्रभर प्रश्न पडत राहतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. सगळं वाचायला सवड नसेल तर तिसरा प्रश्न तेवढा वाचा, बाकीचं बरंचसं त्याच्याभोवती फिरतं.

हा आजार म्हणजे नेमकं काय?

कवटीच्या आतून मेंदूभोवती एक जाड, चिवट आवरण असतं. त्याला ड्युरा म्हणतात. या आवरणाला स्वतःच्या धमन्या असतात, आणि त्याच्याच दोन पदरांमधून मेंदूतलं वापरून झालेलं रक्त परत नेणाऱ्या रुंद वाटा जातात. त्या वाटांना सायनस म्हणतात. सर्दीत ठणकतो तो सायनस वेगळा, त्याचा इथे काही संबंध नाही.

एरवी धमनीतलं रक्त केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यातून जातं, तिथे त्याचा जोर ओसरतो आणि मग ते शिरेत उतरतं. फिस्टुलात हे मधलं जाळंच नसतं. आवरणातली धमनी थेट सायनसला किंवा एखाद्या शिरेला जाऊन मिळते. नावातलं 'एव्ही' म्हणजे हेच, धमनी आणि शीर. धमनीतला दाब साधारण ९०-१०० मिलिमीटर पाऱ्याइतका, शिरेतला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पातळ भिंतीच्या शिरेवर हा सगळा दाब एकदम येतो.

घरात किंवा शेजारी कुणी डायलिसिसवर असेल तर त्यांच्या मनगटाजवळ सर्जननी मुद्दाम केलेला फिस्टुला तुम्ही पाहिला असेल. शीर फुगलेली, बोट ठेवलं की थरथर लागते. प्रकार तोच आहे. फरक इतकाच की हातावर ती शीर फुगली तरी बिघडत नाही, पण कवटीत मेंदूचं रक्तही त्याच वाटेने बाहेर पडायचं असतं.

जन्मापासून असतो का? मुलाबाळांना होईल का?

बहुतेकदा नाही. हा आजार मोठेपणी होतो, साधारण पन्नाशी-साठीत जास्त दिसतो आणि वारशाने सहसा जात नाही. सायनसमध्ये कधीकाळी धरलेली रक्ताची गुठळी, डोक्याला लागलेला मार, जुनं ऑपरेशन किंवा जंतुसंसर्ग ही त्यामागची माहीत असलेली कारणं. पुष्कळांत मात्र कारण सापडतच नाही, तेव्हा 'मी काय चुकीचं खाल्लं' हे शोधत बसू नका.

एव्हीएम म्हणतात तो वेगळा. तो मेंदूच्या आतला रक्तवाहिन्यांचा गुंता असतो, बहुधा तरुण वयात समजतो, आणि त्याचं ऑपरेशनही वेगळं. कवटीतल्या अशा सगळ्या सदोष जोडण्यांमध्ये ड्युरल फिस्टुलाचा वाटा १० ते १५ टक्के धरतात. इंटरनेटवर वाचताना आपण कुठल्या आजाराबद्दल वाचतोय ते आधी पाहा. एव्हीएमची माहिती वाचून फिस्टुलाचा पेशंट घाबरलाय, असं फार होतं.

रिपोर्टमध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती?

रक्त जातं कुठे, ही.

फिस्टुला केवढा आहे, किती धमन्या त्याला मिळाल्यात, याने नातेवाईक हबकून जातात. पण धोका ठरतो तो बाहेर पडणाऱ्या वाटेवर. १९९५ साली बोर्डेन आणि कोन्यार या दोन वर्गवाऱ्या आल्या, आजही त्याच वापरतात. बोर्डेनची सोपी आहे. पहिल्या प्रकारात रक्त सायनसमध्ये जातं आणि योग्य दिशेने निघून जातं. दुसऱ्यात ते सायनसमध्ये शिरतं, पण तिथून उलटं फिरून मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरांतही घुसतं. तिसऱ्यात ते सायनसकडे न जाता थेट मेंदूच्या शिरांतच उतरतं.

पहिला प्रकार वर्षानुवर्षं निमूट राहू शकतो. दुसरा आणि तिसरा फुटू शकतात, किंवा न फुटताही मेंदूला सूज आणतात. अशी उलटी वाट आहे पण त्रास काही नाही, अशांमध्ये रक्तस्रावाचा धोका वर्षाला दीड-दोन टक्क्यांच्या आसपास सापडला आहे. ज्यांना आधीच रक्तस्राव झालाय किंवा मेंदूची लक्षणं दिसली आहेत, त्यांच्यात तो सात-आठ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून ओपीडीत एकच प्रश्न विचारायला वेळ मिळाला तर हा विचारा : "डॉक्टर, रक्त मेंदूच्या कॉर्टिकल, म्हणजे पृष्ठभागावरच्या, शिरेत उलटं जातंय का?" उत्तर 'हो' असेल तर उपचार घ्यायचे. कोणते, ते पुढे ठरेल.

कानात नाडीच्या तालावर आवाज येतो. तो याचाच का?

असू शकतो. कानामागच्या ट्रान्सव्हर्स-सिग्मॉइड सायनसजवळ फिस्टुला असला की हृदयाच्या ठोक्याबरोबर फुसफुस ऐकू येते, रात्री उशीवर डोकं टेकलं की जास्त. एकसुरी शिट्टीसारखा आवाज येतो तो बहुतेकदा कानाचा दोष. ठोक्याबरोबर येणारा, आणि त्यातून एकाच कानात येणारा, तो मात्र तपासायला हवा. डॉक्टरला कानामागे स्टेथोस्कोप लावून तो कधी कधी स्वतःच्या कानांनी ऐकू येतो, तेवढं करायला अर्धं मिनिट लागतं.

आवाज एकाएकी थांबला तर लोक सुटकेचा श्वास टाकतात. तसं करू नका. क्वचित फिस्टुला आपणहून बंद होतो हे खरं, पण जाण्याची चांगली वाट गुठळीने बुजली आणि रक्ताने मेंदूच्या शिरांची वाट धरली तरीही आवाज थांबतो. आवाज थांबला, बदलला, वाढला, काहीही झालं तरी स्कॅन पुन्हा करायचा.

डोळा लाल झालाय, थेंब घालून महिना झाला.

डोळे येणं महिनाभर चालत नाही. लाली आहे पण चिपडं नाही, डोळा किंचित पुढे आलाय, एकाचे दोन दिसतात, कानशिलात आवाज येतो, यातलं काही असेल तर डोळ्यामागच्या कॅव्हर्नस सायनसमध्ये फिस्टुला असू शकतो. बुबुळाच्या भोवती जाड, नागमोडी लाल शिरा दिसतात. एकदा पाहिलेला डॉक्टर त्या विसरत नाही.

दुचाकीच्या अपघातानंतर काही दिवसांनी हे सुरू झालं तर आणखी घाई करा. मेंदूकडे जाणारी मुख्य कॅरोटिड धमनीच तिथे फाटून सायनसमध्ये उघडलेली असू शकते. गोव्याच्या रस्त्यांवर हेल्मेट हँडलला लटकवून फिरणाऱ्यांची कमी नाही, त्यांनी हे दोनदा वाचावं. डोळ्याजवळचे हे फिस्टुला बहुतेक कॅथेटरनेच, म्हणजे रक्तवाहिनीतून नेलेल्या बारीक नळीनेच, बंद करतात, कवटी उघडावी लागत नाही.

सासरे सहा महिन्यांत फार विसराळू झालेत, चालणंही मंदावलंय. वयाचंच ना?

असेलही. पण स्मृतिभ्रंश सहसा वर्षांच्या हिशेबाने वाढतो. काही महिन्यांत माणूस बदलला तर मेंदूतलं रक्त तुंबलंय का, हे पाहायला हवं. फिस्टुलामुळे आतल्या खोल शिरांवर दाब आला की बुद्धी मंदावते, झोप वाढते, चाल अडखळते. फिस्टुला वेळेत बंद झाला तर यातलं बरंच भरून येऊ शकतं. मुलं आखातात किंवा बोटीवर आणि घरी दोघं म्हातारी, अशा घरांत हा बदल उशिरा ध्यानात येतो. चवथीला घरी आलेल्या मुलाला तो पहिल्याच दिवशी दिसतो.

सीटी झाला, एमआरआय झाला. मग अँजिओग्राफी आणखी कशाला?

कारण बाकीच्या तपासण्या संशय घेतात आणि डीएसए, म्हणजे नळी घालून केलेली ही अँजिओग्राफी, खात्री करते. साधा सीटी अगदी नॉर्मल येऊ शकतो. एमआरआयवर फुगलेल्या शिरा, सूज, जुन्या रक्ताचे डाग दिसतात. पण कोणती धमनी, नेमकं कोणत्या बिंदूवर, कोणत्या शिरेत, आणि रक्त कोणत्या दिशेने, हे डीएसएवर क्षणाक्षणाला दिसतं. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मानेपर्यंत नेतात, डाय (एक्स-रेत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) सोडतात आणि सेकंदाला अनेक चित्रं घेतात. ड्युराचं रक्त मुख्यतः बाहेरच्या कॅरोटिडच्या फांद्यांतून, पण इतर धमन्यांतूनही येतं, म्हणून दोन्ही बाजूंच्या आतल्या-बाहेरच्या कॅरोटिड आणि मानेच्या मागच्या धमन्या, सगळ्यांत डाय सोडायला लागते. एकच बाजू पाहून झालेली अँजिओ अपुरी समजा.

जाता जाता : जिवंत माणसाच्या मेंदूची पहिली अँजिओग्राफी १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी केली. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचंच राज्य होतं. पुढे १९४९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेही मेंदूचे तंतू कापण्याच्या एका ऑपरेशनसाठी, जे वैद्यकाने नंतर टाकून दिलं. अँजिओग्राफी मात्र टिकली.

मला सुंगटं चालत नाहीत. डाय चालेल का?

चालेल. कोळंबी-तिसऱ्यांची ॲलर्जी आणि आयोडीनच्या डायची ॲलर्जी यांचा थेट संबंध नाही. पूर्वी डाय घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या असतील, दमा असेल, किडनी अधू असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आधी सांगा. सुंगटांचंही सांगा, पण त्यासाठी तपासणी टाळू नका.

ग्लू घालून बंद करतात असं ऐकलं. मग ऑपरेशन कुणाला सांगतात?

आज बहुतेक ड्युरल फिस्टुला एंबोलायझेशननेच बंद करतात. कॅथेटरमधून ओनिक्स नावाचा पातळ, हळूहळू घट्ट होणारा पदार्थ, ग्लू किंवा प्लॅटिनमच्या कॉइल सोडून जोडणी भरून टाकतात. डोकं उघडावं लागत नाही. जमत असेल तिथे हाच पहिला मार्ग, हे न्यूरोसर्जनही सांगतील.

ऑपरेशन येतं ते ठराविक जागी. त्यातली पहिली, कपाळामागे नाकाच्या छतावर. तिथल्या फिस्टुलाला रक्त डोळ्याच्या धमनीच्या फांद्यांतून मिळतं, आणि त्याच धमनीतून दृष्टिपटलाची धमनीही निघते. ग्लू जरा मागे सरकला तर डोळा जातो. याउलट ऑपरेशनने ती जागा गाठणं त्यामानाने सरळ आहे, आणि तिथले फिस्टुला रक्तस्राव करण्यात पुढे असतात. आता कॅथेटर पुष्कळ सुधारलेत आणि काही ठिकाणी तिथेही एंबोलायझेशन करतात, तरी इथे सर्जनने ऑपरेशन सुचवलं तर ते जुन्या पद्धतीचे आहेत असं समजू नका.

दुसरी जागा म्हणजे मोठ्या आणि लहान मेंदूमधल्या पडद्याजवळचे काही फिस्टुला. शिवाय नळी पोचतच नाही असे, एंबोलायझेशन करूनही उरलेले, आणि रक्तस्रावाने मेंदूत मोठी गुठळी झाल्यामुळे ती काढायला डोकं उघडावंच लागणार आहे असे. काहींना दोन्ही करतात : आधी ग्लूने जोर कमी करायचा, मग ऑपरेशन.

येणारी धमनीच बांधून टाकली तर काम सोपं नाही का होणार?

पूर्वी हे केलं जायचं. मानेतली बाहेरची कॅरोटिड बांधायची, आवाज थांबायचा, सगळे खूश. मग फिस्टुला शेजारच्या दुसऱ्या धमन्यांतून रक्त ओढायला लागायचा, आणि बांधलेल्या वाटेने नंतर कॅथेटरही नेता यायचं नाही. फिस्टुला जगतो तो शिरेच्या टोकावर. शीर जिथून सुरू होते तो पहिला सेंटिमीटरभर भाग बंद झाला की येणाऱ्या दहा धमन्या असल्या तरी त्यांना जायला जागा उरत नाही. हा मुद्दा पटला की ऑपरेशन कळायला सोपं जातं.

ऑपरेशनमध्ये प्रत्यक्ष काय करतात?

पूर्ण भूल देतात. डोकं तीन टोकांच्या क्लॅम्पमध्ये घट्ट धरतात, त्याच्या खुणा कपाळावर चार दिवस दिसतात आणि नातेवाईक त्याबद्दल हमखास विचारतात. केस चिऱ्यापुरते काढतात. त्वचा उघडून कवटीला भोक पाडतात, हाडाची एक खिडकी कापून बाजूला ठेवतात. फिस्टुलाच्या पेशंटचं हाड आणि टाळूही जास्त रक्ताळलेले असतात, कारण त्याच धमन्या तिथून जातात. म्हणून आधीच रक्त जुळवून तयार ठेवतात. ब्लड बँकेतून रक्तदात्यांची मागणी आली तर घाबरू नका, ती ठरलेली गोष्ट आहे.

ड्युरा उघडला की मायक्रोस्कोपखाली ती शीर दिसते. शीर निळसर असायला हवी, ही लाल आणि जाड असते, ठोक्याबरोबर उडते. ती ड्युरातून बाहेर पडते त्या जागेपर्यंत सर्जन तिचा माग काढतात. तिथे तात्पुरती क्लिप लावतात आणि थांबतात. जागा बरोबर असेल तर लाल शीर डोळ्यांदेखत निळी पडते, फुगवटा बसतो. सोय असेल तिथे आयसीजी नावाचा हिरवा रंग शिरेतून देतात, मायक्रोस्कोपच्या इन्फ्रारेड प्रकाशात तो चमकतो आणि ती शीर आता धमनीबरोबरच उजळत नाही ना, हे पाहता येतं. मग कायमची टायटॅनियमची क्लिप, किंवा शीर भाजून कापून टाकायची. मेंदूतलं काही काढायचं नसतं. नेमकी जागा एकच असते, तिथवर सुखरूप पोचण्यातच सगळा वेळ जातो.

ड्युरा शिवतात, हाड टायटॅनियमच्या पट्ट्यांनी परत बसवतात. थिएटरबाहेर चार-पाच तास सहज जातात. भूल, क्लॅम्प, स्कॅन सगळं त्यात आलं, तेव्हा दुसऱ्या तासाला सिस्टरना गाठून "इतका वेळ का?" विचारू नका.

धोके कोणते?

रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवती असतं ते पाणी जखमेतून किंवा नाकातून गळणं, फिट येणं, हातापायाची ताकद किंवा बोलणं कमी होणं. नाकाच्या छतावरच्या ऑपरेशनात वास कायमचा जाऊ शकतो. यातला सगळ्यात नको असलेला प्रकार म्हणजे चुकीची शीर बंद होणं. मेंदूला अजून उपयोगी असलेली शीर गेली तर रक्त तुंबून तेवढा भाग सुजतो, त्यात रक्त उतरतं. ऑपरेशनआधी डीएसए इतकी बारकाईने पाहतात ती यासाठी. टक्केवारी सर्जनना स्वतःच्या पेशंटची विचारा. वय, फिस्टुलाची जागा आणि आधी रक्तस्राव झालाय का, यावर ती इतकी बदलते की इथे एक आकडा लिहिणं फसवणूक होईल.

गामा नाइफने नाही का होणार?

गामा नाइफ म्हणजे चिरा न देता नेमक्या जागी दिलेले किरण. त्याने होतं, पण फिस्टुला बंद व्हायला एक ते तीन वर्षं लागतात. तेवढा काळ धोका तसाच राहतो. उलटी वाट असलेल्या पेशंटला म्हणून तो पहिला उपाय नाही.

चवथ झाल्यावर करू म्हटलं तर?

पहिल्या प्रकाराचा असेल तर चवथ काय, पुढचा शिगमोही जाऊ द्या, नुसती देखरेख चालेल. त्रास नसलेला पण उलटी वाट असलेला असेल तर तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवा, काही आठवडे इकडे-तिकडे चालून जातात. एकदा रक्तस्राव झालेला असेल तर मात्र पहिल्या दोन आठवड्यांत पुन्हा फुटण्याचा धोका बराच असतो. तिथे पंचांग बघू नये.

गोव्यात कुठे दाखवायचं? खर्चाचं काय?

म्हापसा, मडगाव किंवा फोंड्याच्या सरकारी इस्पितळातून पेशंट पाठवतात तो बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या (गोमेकॉच्या) न्यूरोसर्जरी विभागात. रेफरलचं पत्र आणि फिल्मची सीडी बरोबर घ्या. नुसता छापील रिपोर्ट सर्जनला पुरत नाही. ऑपरेशन, एंबोलायझेशन की दोन्ही, आणि त्यातलं काय इथेच होईल हे तिथे स्पष्ट विचारा. राज्याबाहेर जायची वेळ आली तर बंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, मुंबईची मोठी सार्वजनिक रुग्णालयं इथे हे काम नेहमी होतं.

२०१६ पासूनच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत गोव्यात पाच वर्षं राहिलेल्या कुटुंबाला कार्ड मिळतं. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चौघे किंवा जास्त असतील तर चार लाखांचं संरक्षण आहे. ठरलेल्या उपचारांच्या यादीत तुमचा उपचार बसतो का, आणि कार्डाचं नूतनीकरण झालंय का, हे ॲडमिट होण्याआधी पाहा. गोमेकॉत न होणाऱ्या उपचारांसाठी राज्याची वेगळी मेडिक्लेम योजना आहे. तिची मंजुरी आधी घ्यायची असते, बिल घेऊन परतल्यावर धावपळ करून उपयोग नाही. दोडामार्ग-सावंतवाडीहून बांबोळीला येणाऱ्यांनी महाराष्ट्राची रेशन आणि आधार कार्डं बरोबर ठेवावीत, कोणती सवलत लागू होईल ते नोंदणी खिडकीवर आधी विचारावं.

घरी आल्यावर?

सगळं सुरळीत झालं तर साधारण आठवड्याभरात घरी पाठवतात. टाके सात ते दहा दिवसांनी काढतात, तोवर डोकं ओलं करायचं नाही. थकवा मात्र महिनाभर तरी राहतो, आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला तो घरच्यांना समजावणं कठीण जातं. फिटच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या मनाने बंद करू नका. झोप लागत नाही, चिडचिड होते असं वाटलं तर ते त्या गोळ्यांमुळेही असतं. डॉक्टर बदलून देतील.

मासे? नारळ? पेज किती दिवस?

पेज आवडत असेल तर खा, औषध म्हणून नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हुमण-भात चालतो. गुठळीसाठी वॉरफॅरिन चालू असेल तर पालेभाजी रोज साधारण सारख्याच प्रमाणात ठेवा, नाहीतर रक्ताचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) खालीवर होतो. रक्तदाब असेल तर खारवलेली सुकी मासळी आणि मिठातल्या कैऱ्या कमी.

स्कूटर कधी चालवू?

फिट आली नसेल, दृष्टी आणि तोल नीट असेल तरी सर्जननी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय नको. फिट आली असेल तर थांबणं महिन्यांत मोजायचं. विमान साधारण काही आठवड्यांनी चालतं, पण डिस्चार्जच्या कागदावर तसं लिहून घ्या. क्लिप टायटॅनियमच्या असल्या तर पुढे एमआरआय करता येतो. क्लिपचा तपशील त्याच कागदावर असू द्या.

पुन्हा अँजिओ करायला सांगितलंय. आता तर मी बरा आहे.

करा. फिस्टुला पूर्ण बंद झाला का, हे तब्येतीवरून कळत नाही. थोडा जरी उरला आणि रक्त मेंदूच्या शिरेत जात असलं तरी धोका जवळजवळ तेवढाच राहतो, 'नव्वद टक्के बंद झाला' याला इथे अर्थ नाही. म्हणून एक डीएसए ऑपरेशननंतर लगेच आणि एक काही महिन्यांनी करतात. ती स्वच्छ आली तर परत होणं विरळा. मधल्या काळात डोकं फुटेल अशी एकाएकी उठलेली वेदना, उलटी, फिट, हातपाय लुळे पडणं, शुद्ध हरपणं यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा, आणि फाईल हाताशी ठेवा : कपाटात कुलपात नको, घरातल्या प्रत्येकाला माहीत असेल अशा जागी.